पानशेत-वरसगाव : पाण्यावरून आणि खांद्यावरून

पुणे शहराला पाणी पुरविणारी चार धरणे मिळून सुमारे 29 टीएमसी साठा करतात. त्यांपैकी वरसगाव 12.82 व पानशेत 10.65 टीएमसीचे असून ती शेजारच्या दोन खोऱ्यांत उभी आहेत. मोसी नदीवर वरसगाव, आंबी नदीवर पानशेत. आणि दोहोंचे पाणी पुढे खडकवासल्यात येते. दोन लांबट जलाशय आणि मध्ये थोडी जमीन, ही रचना वल्ह्याच्या होडीच्या प्रवासाला अनुकूल आहे.

कॅनडातील सरोवरांच्या प्रदेशात असा प्रवास जुना आहे. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना होडी व सामान खांद्यावरून न्यावे लागते. त्या वाटेला पोर्टेज म्हणतात. फरच्या व्यापारातील वल्हेकरी सुमारे 41 किलोचे एकेक गाठोडे, आणि बहुधा दोन-दोन, वाहून नेत. तो माल जैन व्यापाऱ्यास कधीही मान्य होणार नाही. परंतु त्या वाटेचा हिशेब मात्र त्याला लगेच समजेल. एक किलोमीटरच्या वाटेवर सर्व सामान एका खेपेत गेले, तर चाल एक किलोमीटर. दोन खेपा झाल्या, तर चाल तीन किलोमीटर. वाढलेल्या वस्तूची किंमत येथे पायांना मोजावी लागते. परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच कळेल.

पुण्यातील कुटुंबाने अशा सहलीची आखणी चातुर्मासानंतर करावी. पावसाळ्यात धरणांतून केव्हाही विसर्ग होऊ शकतो. साधू-साध्वींनी चार महिने विहार न करण्याची परंपरा गृहस्थालाही येथे उपयोगी पडते. प्रथम जलसंपदा विभागाची परवानगी व स्थानिक नौकाविहार केंद्राची माहिती घ्यावी. मग दोन जलाशयांमधील वाट रिकाम्या हाताने चालून पाहावी. धरणाची भिंत व विसर्गाची जागा यांपासून दूर राहावे. धरणाखालील नदीत होडी घालू नये. खडकवासल्याकडे रस्त्याने जावे. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट असावे, पोहता येणाऱ्याच्याही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला, हे या शांत पाण्यासमोर उभे राहताना विसरता येत नाही.

भोजनाची व्यवस्था अवघड नाही. खाखरे, भाजलेले पोहे, मूगडाळ-तांदळाची खिचडी : सामान हलके आणि कंदमुळांचा प्रश्न नाही. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. म्हणून चारपर्यंत काठावर यावे, म्हणजे स्वयंपाक व भोजन उजेडी आटोपते. अंधारात पाण्यावर न राहण्याचा नियमही त्यातच पाळला जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याची. पाणी गाळल्यानंतर गाळण्यात राहिलेली जिवाणी ज्या जलाशयातून पाणी घेतले त्याच जलाशयात परत सोडावी, असा आचार घराघरांत शिकविला जातो. एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात टाकू नयेत, हा त्यामागील विवेक. उत्तर अमेरिकेत झेब्रा शिंपल्यासारखे परके जीव होड्यांबरोबर सरोवरांत पसरले. तेव्हा एका सरोवरातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी होडी स्वच्छ करावी, पाणी काढावे व ती वाळवावी, असे नियम अनेक ठिकाणी झाले. पुण्याच्या नदीत जलपर्णी किती फोफावते, हे शहरवासीयांनी पाहिलेच आहे. शहरातील नदीत वापरलेल्या होडीला तिचा तुकडा चिकटून या जलाशयात आला, तर नुकसान सर्व शहराच्या पिण्याच्या पाण्याचे होईल.

म्हणून वरसगावचे पाणी वरसगावलाच ओतून, होडी कापडाने पुसून, उन्हात वाळवून मगच ती खांद्यावर घ्यावी. त्यात अर्धा दिवस गेला तरी हरकत नाही. सहलीच्या आखणीत तो अर्धा दिवस आधीच धरावा. पानशेतच्या काठावर पोहोचल्यावर घाई करण्याची वेळ मग येत नाही.