एक शब्द, किती कामं!

मुलांनो, परवा सातवीच्या वर्गात मी फळ्यावर एकच शब्द लिहिला : पॅड. म्हटलं, "हा कुठे-कुठे ऐकलाय, सांगा बरं!"

भराभर हात वर झाले. परीक्षेत कागदाखाली घेतो ते पॅड. शिक्क्याच्या शाईचं पॅड. फलंदाज पायाला बांधतो ते पॅड. हेलिपॅड! मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, लाँचपॅड!" शाब्बास! १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याच्या लाँचपॅडवरूनच झेपावलं.

गंमत बघा. यातलं कुणी मऊ, कुणी टणक. पण कुणी आधार देतं, कुणी मार झेलतं, कुणी ओल धरून ठेवतं.

तेवढ्यात एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, अजून एक..." आणि गप्प बसली. दोघं-तिघं फिदीफिदी हसले.

मला माझी शाळा आठवली. वर्गातच पाळी आली होती. सांगायचं कुणाला? सगळे घरी जाईपर्यंत मी बाकावरून उठलेच नाही.

मी फळ्यावर लिहिलं : सॅनिटरी पॅड. विचारलं, "क्रिकेटचं पॅड मागताना लाजता का? मग हे मागताना का लाजायचं?"

हसणाऱ्यांतलाच एक म्हणाला, "मग बाई, ते वर्गाच्या कपाटात ठेवूया ना, खडूंशेजारी!"

ठेवलंय, बरं का! आई-बाबांनो, तुमच्या घरी हा शब्द अजून कुजबुजतच बोलतात का?