दादांचा रोजमेळ आणि एक भिंग

सांगलीच्या गणपती पेठेतील आमच्या हळदीच्या पेढीवर माझे थोरले बंधू आजही रोजमेळ स्वहस्ते लिहितात. दादांचे वय ७८. पुतण्याने सारा व्यवहार मार्केट यार्डातील गाळ्यात आणि संगणकावर नेला असून, येत्या गुढीपाडव्याला जुनी पेढी बंद होणार आहे. माझ्या एम.कॉम.ची फी याच पेढीच्या गल्ल्यातून गेली; दादांचे स्वतःचे शिक्षण मात्र वडिलांच्या निधनामुळे मॅट्रिकला थांबले. पेढी उठण्यापूर्वी लिहीत असलेल्या दादांचे एक चांगले छायाचित्र असावे, अशी माझी फार इच्छा होती.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असल्याने दादा पाचच्या सुमारास वही उघडतात. पेढी लांबट आणि खोल. हिवाळ्यात त्या वेळी गादीपर्यंत उजेड जेमतेम पोहोचतो. निवृत्तीच्या वेळी घेतलेल्या माझ्या कॅमेऱ्याला सोबत मिळालेली १८-५५ची झूम लेन्स होती. ती पुढे नेली की तिचे छिद्र ५.६वर येते. आयएसओ ३२०० ठेवूनही शटर सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत उतरे आणि दादांचा लिहिता हात पुसटून जाई. फ्लॅश एकदाच वापरला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना तो झोत सोसत नाही.

मोठ्या छिद्राची झूम घ्यावी हे ठरले, पण कोणती? एफचा आकडा म्हणजे नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. ५० मिलिमीटरवर ५.६ म्हणजे सुमारे ९ मिलिमीटरचे छिद्र, तर २.८ म्हणजे सुमारे १८चे. व्यास दुप्पट, म्हणून प्रकाश चौपट. आकडा घटतो तसे छिद्र वाढते. व्याजदर आणि रोख्यांच्या किमती यांचा संबंध ज्याने आयुष्यभर पाहिला, त्याला हे उलटे गणित चटकन पटते.

मन प्रथम सिग्माच्या १८-३५वर गेले. २०१३ साली आलेली ही झूम सर्वत्र १.८चे छिद्र देते, म्हणजे २.८च्या जवळजवळ अडीचपट प्रकाश! वजन ८१० ग्रॅम. पैसे काढण्याआधी मात्र जुनी सवय आड आली. पूर्वीचा ताळेबंद पाहिल्याशिवाय मी कधी कर्ज मंजूर केले नाही. घरी व पेढीवर काढलेली ४०० छायाचित्रे संगणकावर उघडली. प्रत्येकासोबत नाभीय अंतराची नोंद असतेच. खतावणी मांडली तर ३०८ छायाचित्रे ३५च्या पुढची निघाली. जिथे माझी गरज सुरू होते, नेमकी तिथेच ही लेन्स संपत होती. जवळ सरकून काढावे, तर मी जवळ गेलो की दादा लेखणी ठेवून बोलू लागतात.

म्हणून त्याच कंपनीची १७-५०, सर्वत्र २.८ची लेन्स घेतली. तिच्यात कंप आवरण्याची सोय आहे आणि साठी उलटलेल्या हातांना ती हवीच. तथापि, ही सोय कॅमेरा धरणाऱ्याच्या हाताचा कंप आवरते, समोर लिहिणाऱ्या हाताची हालचाल नव्हे. तिला उतारा शटरच्या वेगाचाच, आणि तो आता साठाव्या भागापर्यंत गेला होता.

एक अडचण मात्र मला पेढीवरच उमगली. दीड मीटरवरून ५० आणि २.८ला टिपले, तर जेमतेम दहा सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. चेहरा साधला की वही धूसर, वही साधली की चेहरा. छिद्र लहान केले तर हात पुन्हा पुसटणार. शेवटी मी दोन्ही छायाचित्रे काढली आणि छापून दादांपुढे ठेवली.

“केवढ्याला घेतलीस?” त्यांनी विचारले. मी आकडा सांगितला. ते काही बोलले नाहीत. स्वतःच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहून त्यांनी दुसरे छायाचित्र उचलले, खिडकीपाशी नेले आणि रकान्यावरून बोट फिरवत बेरीज तपासली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि ते छायाचित्र त्यांनी रोजमेळात ठेवले. चेहऱ्याचे मी घरी आणले.