चिकूचा थवा

घरात आम्ही चार माणसं. पण आमच्या चिकूच्या लेखी बराच काळ माणूस एकच होतं, ते म्हणजे मी. बाकी कुणी जवळ आलं की तो चावायचा. पोपट असाच असतो, एकाचाच होऊन राहतो, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं माझ्या हातून घडलं होतं, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या मुलीला आणि खुद्द चिकूला झाला.

चिकू हा ग्रीन चीक कॉन्यूर. आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा पोपट घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे पोपटाची हौस असलेली माणसं परदेशी जातींकडे वळतात. हा कॉन्यूर मूळचा ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या जंगलांतला. वजन साधारण सत्तर ग्रॅम, पण नीट सांभाळला तर वीस वर्षांच्याही पुढे जगतो. २०२४च्या नियमांप्रमाणे अशा पक्ष्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. ती माझ्या नावावर झाली, आणि घरातही तो माझ्याच नावावर झाला.

तो आला तेव्हा चमच्याने भरवायच्या वयाचा होता. सासूबाईंनी एकदा विचारलं, ‘‘मी भरवू का गं?’’ मी म्हटलं, ‘‘नको आई, त्याच्या श्वासनलिकेत जाईल.’’ ती भीती खोटी नव्हती. पण भरवायचं कसं ते मी त्यांना शिकवू शकले असते. ते केलं नाही, कारण ते काम मला कुणालाच द्यायचं नव्हतं. मी घरून काम करते. दिवसभर तो माझ्या खांद्यावर. आंघोळ मी घालायची, दाणे मी द्यायचे, झोपवायचं मी. संध्याकाळी मी त्याला शालीत गुंडाळून मानेपासून शेपटीपर्यंत पाठ कुरवाळत बसायची. तो डोळे मिटायचा आणि मला फार बरं वाटायचं.

पोपटाच्या जगात अशा पाठ कुरवाळण्याचा अर्थ वेगळा असतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. थव्यातले पोपट एकमेकांची डोकी-माना साफ करतात. पाठीला आणि पंखांखाली स्पर्श करतो तो जोडीदार. शालीतला अंधार त्याला घरट्याच्या ढोलीसारखा. त्यात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू, म्हणजे त्याच्या शरीराच्या हिशेबाने दिवस मोठा झाला, विणीचा हंगाम आला. तो मान वरखाली करून माझ्या बोटावर दाणे ओकायला लागला, तेव्हा ‘बघा, मला भरवतोय’ म्हणून मी सगळ्यांना कौतुकाने दाखवलं. तो मला जोडीदारीण मानत होता. आणि जोडीजवळ येणाऱ्या परक्याला हाकलणं हे त्याचं कामच होतं.

माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. पोपट आणायचा हट्ट मुळात तिचा. एके दिवशी मी तिला म्हटलं, घे हातावर. तो बोटावर चढला, मी बाजूला सरकले, आणि त्याने तिच्या तर्जनीचं पेर धरलं. सोडेना. शेवटी सुटलं तेव्हा पेराच्या वर एक आणि खाली एक अशा दोन फटी पडल्या होत्या, आणि त्या हळूहळू रक्ताने भरत होत्या. मी आधी चिकूला उचलून खांद्यावर घेतलं. मग तिला म्हटलं, ‘‘तूच हात हलवलास.’’

त्या एका क्षणात मी दोन चुका केल्या. चावलं की आई खांद्यावर घेते, हे चिकू शिकला. चावला तरी चूक माझीच, हे मुलगी शिकली. नंतर ती पिंजऱ्यापाशी जायची बंद झाली. ‘तिचा उत्साह चार दिवसांचाच होता’ असं मी नवऱ्याला सांगितलं, आणि मला ते खरंही वाटत होतं.

मनातली गोष्टही सांगते. तो बाकीच्यांना चावायचा याचं मला वाईट वाटत होतं, पण त्याच्या तळाशी एक समाधान होतं. कुणीतरी फक्त माझं आहे, हे मला हवं होतं.

मग मला माहेरी जावं लागलं. वडील आजारी होते. मी नसताना चिकूने खाणं जवळजवळ टाकलं आणि किंचाळून घर डोक्यावर घेतलं. त्याला डॉक्टरांकडे न्यायचं तर हात कोण लावणार? नवऱ्याने टॉवेल टाकून पकडलं, तेव्हापासून टॉवेल दिसला की तो थरथरायचा. मी परत आले तेव्हा त्याच्या छातीचं मधलं हाड बोटाला टोचत होतं. एवढ्याशा पक्ष्याचं वजन किती पटकन उतरतं, ते मी तेव्हा पाहिलं. मी घाबरले, आणि घाबरून पुढची चूक केली. आता सगळ्यांची सवय व्हायलाच हवी म्हणून त्याला सक्तीने प्रत्येकाच्या हातावर ठेवायला लागले. नवऱ्याने हातमोजा घातला. चिकूला आता हातमोज्याचीही भीती बसली. मी स्वतः त्याच्यापासून एकदम लांब झाले, तर तो मला हाक मारून मारून थकायचा.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी वजन पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की सुरुवात बाकीच्यांच्या हातापासून नाही, माझ्यापासून करायची. जंगलात पोपटाला जोडीदार एक असतो, पण सोबती अनेक. मी जोडीदाराची जागा सोडून सोबत्यांपैकी एक व्हायचं. स्पर्श फक्त डोक्याला आणि मानेला. शाल बंद, घरट्यासारखी वाटणारी कपाटाची फट बंद, आणि रात्री दहा-बारा तास अंधारात शांत झोप.

त्यानंतर वाटीतल्या सूर्यफुलाच्या बिया काढल्या. त्याची सगळ्यात आवडती गोष्ट तीच, आणि ती आता माझ्याकडून मिळायची नाही, बाकी तिघांकडूनच. बी देताना मी खोलीत थांबायचं नाही, कारण मी दिसले की तो पहाऱ्याला उभा राहायचा. पिंजऱ्याच्या गजातून वाटीत एक बी टाकायची आणि आपल्या कामाला लागायचं, एवढंच काम. सासूबाई ते फार छान करत. बी टाकून तिथेच भाजी निवडत बसायच्या, त्याच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. पुढे तो त्यांच्या चपलांचा आवाज ऐकूनच गजापाशी येऊन थांबू लागला. मला मात्र दाराबाहेर थांबणं जड जायचं. कधी कधी डोकावायचा मोह व्हायचा, आणि मी डोकावले की दिवसभराची मेहनत वाया जायची.

मुलीपाशी मी आधी माफी मागितली. हात तिने हलवला नव्हता, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. मग तिने काडीने शिकवणं सुरू केलं. आइस्क्रीमची काडी गजाबाहेर धरायची, त्याने चोचीने टोकाला स्पर्श केला की बी द्यायची. काडी फिरेल तिकडे तो जायला लागला, मग पिंजऱ्याबाहेर, मग तिच्या मनगटापर्यंत. चावायच्या आधी तो खुणा देतो, हे तिनेच मला दाखवलं. डोळ्यातली बाहुली भराभर लहानमोठी होते, शेपटी पंख्यासारखी पसरते, पिसं अंगाला घट्ट चिकटतात. एवढं दिसलं की थांबायचं, काडी खाली ठेवायची. मी इतकी वर्षं त्याला खांद्यावर घेऊन बसत होते, आणि या खुणा मी ‘लाडात आलाय’ म्हणून सोडून देत होते.

आज चिकू सगळ्यांना सारखा जीव लावतो का? नाही. मुलीच्या हातावर तो आनंदाने जातो. नवऱ्याकडून फवाऱ्याची आंघोळ घेतो, पण मान खाजवू देत नाही. सासूबाईंच्या हातावर बसत नाही आणि त्याही त्याला बसवत नाहीत. सकाळी पेरूची फोड त्यांनीच द्यावी लागते, दुसऱ्याने दिली तर तो त्यांची वाट बघतो. माझ्याकडे ओढा थोडा जास्त आहे, तो राहील. पण मी गावाला गेले तर तो खातो, झोपतो, आणि कुणीही त्याला पिंजऱ्यातून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत नेऊ शकतं. समान प्रेम पक्ष्याकडून मागून मिळत नाही. प्रत्येकाबरोबर निर्धास्त असणं मात्र त्याला शिकवता येतं.

ज्यांच्या घरी पिल्लू नुकतंच आलंय, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पहिल्या दिवसापासून भरवण्याचा चमचा घरातल्या प्रत्येकाच्या हातात द्या, शिकवून द्या. ते फक्त तुमच्याकडेच झेपावायला लागलं तर खूश होऊ नका, त्याच दिवशी एक काम दुसऱ्याकडे सोपवा. वीस वर्षांत मुलं शिकायला बाहेर जातात, माणसं आजारी पडतात, घरं बदलतात. तेवढ्या काळासाठी त्याला एका माणसाच्या भरवशावर ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो अन्याय मी प्रेम समजून करत होते.