दोन वह्या आणि बडोदे शहर

बडोद्यास येणारा पाहुणा प्रथम लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, मग सयाजीबाग, आणि वेळ उरलाच तर मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय. आम्हां शिक्षकांस हा क्रम उलटा वाटतो. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. परंतु अक्षरओळख झालेल्या मुलाच्या हाती पुस्तक पडले नाही, तर ती ओळख पुसून जाते. म्हणूनच १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण झाले, आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या.

आमच्या सरकारी शाळेचे माध्यम गुजराती. पण चौथीच्या वर्गात मराठी घरांतील मुले बरीच. त्यांच्यापाशी आम्ही दोन वह्या ठेवविल्या. वाचन-वहीत पुस्तकाचे नाव, लेखक, तारीख, एक नवा शब्द आणि मनात राहिलेली एक गोष्ट लिहावयाची. शोध-वहीत प्रश्न, डोळ्यांनी पाहिलेले, कोणी सांगितलेले, पुस्तकात सापडलेले आणि अखेरीस न सुटलेले. आम्ही गुण देत नाही. खाली एक प्रश्न तेवढा लिहितो.

या वह्या घेऊन एका हिवाळ्यात आम्ही मुलांसह विश्वामित्रीच्या काठच्या सयाजीबागेत गेलो. तेथील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सुमारे सत्तर फूट लांबीचा सांगाडा आहे. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी हा प्राणी येऊन पडला. मुलांनी लांबी पावलांनी मोजली, फासळ्या मोजल्या, आकृत्या काढल्या. एक मुलगी मात्र वही मिटून उभी होती. "गुरुजी, देवमासा हा मासाच ना? मग ह्याची हाडे माशाच्या काट्यांसारखी का नाहीत?"

उत्तर आम्हांस ठाऊक होते. पण आम्ही ते दिले नाही. तिने प्रश्न वहीत उतरविला आणि आमची मंडळी मांडवीकडे निघाली.

मध्यवर्ती ग्रंथालयाची सध्याची इमारत १९३१ सालची. लोखंडी कपाटांच्या मजल्यांस जाड काचेची जमीन आहे. वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपतो. मुले आधी त्या काचेवरून चालण्यास बिचकली, मग पुस्तकांत रमली. त्या मुलीस प्राण्यांवरील एका पुस्तकात उत्तर गवसले: देवमासा हवेत श्वास घेतो, पिलास दूध पाजतो, त्याच्या वल्ह्यासारख्या परात बोटांची हाडे असतात, तो मासा नव्हेच. तिने खाली लिहिले, "पुन्हा जाऊन बोटे मोजायची आहेत."

वाचकहो, येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वर्गातील गुजराती मुले त्या प्राण्यास 'व्हेल' म्हणत होती. त्या नावात माशाचा मागमूस नाही. 'देवमासा' हा शब्द घरी आजीकडून ऐकलेल्या मुलीलाच हा प्रश्न पडला. मातृभाषा ही केवळ सणावाराची शोभा नसून विचार करण्याची एक जास्तीची वाट आहे, याचा याहून चांगला दाखला आम्हांस मिळाला नसता.

ही वाट बुजण्याचे भय खरे आहे. एका मुलाच्या वहीत शुद्ध मराठी वाक्ये होती, पण सारी गुजराती लिपीत! आम्ही लाल रेघ ओढली नाही. त्याचेच वाक्य खाली देवनागरीत लिहिले. आठ दिवसांनी त्याच्या अक्षरांवर शिरोरेघ दिसू लागली, तीही निम्म्याच शब्दांवर. बोलणे घरात आपोआप टिकते. लिहिणे टिकवावे लागते.

म्हणून मातापित्यांस विनंती एवढीच. चाळीस पानी दोन वह्या आणाव्यात. मुलांचे लेखन स्वतः सुधारू नये, त्यांच्यासाठी लिहून तर मुळीच देऊ नये. रविवारी त्यांस शहर दाखवावे: जुना दरवाजा, विहीर, बाजारातील तांबटाचे काम. प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा आणि उत्तर ठाऊक असले तरी घटकाभर गप्प राहावे. मग ग्रंथालयाची पायरी चढावी. ती महाराजांनी आपल्या मुलाबाळांसाठीच बांधली आहे.