बारा अंकांचा रकाना

कुवेतचा सिव्हिल आयडी बारा अंकांचा असतो. पहिला अंक शतकाचा: एकोणीसशेच्या सालांत जन्मलेल्यांना २, दोन हजारपासूनच्यांना ३. पुढचे सहा जन्मतारखेचे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. नंतर चार अनुक्रमाचे आणि शेवटचा ताळ्याचा. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतला फिटर असो की फहाहील-मंगफमध्ये राहणारं मराठी कुटुंब, बँकेपासून दवाखान्यापर्यंत हाच आकडा भरावा लागतो.

वेबवरचे फॉर्म बांधायच्या जँगो या पायथन चौकटीच्या लोकलफ्लेवर या जोडसंचात या आकड्यासाठी तयार फील्ड आहे. ते चार गोष्टी तपासतं: अंक बारा आहेत का, शतकाचा अंक योग्य आहे का, जन्मतारीख खरी आहे का आणि ताळा जुळतो का. तपासणी चोख आहे, पण चारपैकी कुठेही नापास झालेल्याला ते एकच वाक्य ऐकवतं: वैध सिव्हिल आयडी भरा. एक अंक गळालेल्याला आणि ३० फेब्रुवारी टाकलेल्याला उत्तर सारखंच. एरर मेसेजेसच्या डिक्शनरीत ते वाक्य मराठीत वा अरबीत बदलता येतं, पण चुका त्याने वेगळ्या होत नाहीत. त्यासाठी फील्डचा उपवर्ग करून प्रत्येक अपयशाला स्वतंत्र कोड द्यावा लागतो.

पहिल्या तिन्हींची वाक्यं सोपी आहेत. ‘बारा अंक हवेत, इथे अकरा आहेत’ एवढं वाचून माणूस कामाला लागतो. खरा चिवट प्रश्न ताळ्याचा. पहिल्या अकरा अंकांना अनुक्रमे २, १, ६, ३, ७, ९, १०, ५, ८, ४, २ यांनी गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर बाराव्या अंकाशी जुळलं पाहिजे. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हा हिशेब ते हटकून पकडतो. कुठला अंक चुकला, हे मात्र त्याला सांगता येत नाही. कोडमध्ये तुलना शेवटच्या अंकाशी होते, म्हणून ‘शेवटचा अंक चुकला आहे’ असं लिहिण्याचा मोह होतो. ते बहुतेक वेळा खोटं ठरतं. योग्य ताळा स्वतःच काढून सुचवणं त्याहून घातक, कारण मग चुकलेला आकडा नियमात बसतो आणि दुसऱ्याच माणसाचा ठरू शकतो. प्रामाणिक वाक्य एवढंच: ‘एखादा अंक चुकला असावा. कार्ड समोर धरून तीन-तीन अंक ताडून पाहा.’

हे वाक्य मांडणीवरही जबाबदारी टाकतं. तीन-तीनचे गट सुचवले की मधल्या जागा स्वीकारून तपासणीआधी काढल्या पाहिजेत. अरबी पानाची दिशा उजवीकडून डावीकडे असते. तिथे जागा सोडून लिहिलेले गट पडद्यावर उलट क्रमाने उमटतात, शेवटचा गट डावीकडे जातो. म्हणून पान अरबी असलं तरी या एका रकान्याची दिशा डावीकडून उजवीकडे बांधून द्यावी लागते. पायथन अरबी आणि देवनागरी आकडेही अंक म्हणूनच स्वीकारतं. ते साठवण्याआधी एका लिपीत आणले नाहीत, तर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. जँगो ५.० पासून प्रत्येक फील्डच्या गटाला स्वतःचं टेम्प्लेट देता येतं, त्यामुळे या एका रकान्याच्या मांडणीसाठी सगळा फॉर्म हाताने लिहावा लागत नाही.

फॉर्म बांधणाऱ्या माणसाला दोन रकान्यांच्या रेखीव फॉर्मचा गर्व असतो, आणि चूक सांगणारी लांब ओळ ती रेषा मोडते म्हणून तो ती आखडतो, फिकट करतो. चाळिशीचा चष्मा लागला की त्याच फिकट ओळीवर त्याची स्वतःचीही नजर अडते. पहिल्या अंकालाच रकाना लाल करणारे हल्लीचे तयार संचही याच गर्वाचे. बारा अंक लिहायचे असताना पहिल्यावर चूक दाखवणं हा उतावळेपणा आहे. रकाना सोडेपर्यंत थांबलंच पाहिजे.

चूक सांगणाऱ्या ओळीची पारख रंगावरून होत नाही. ती वाचूनही माणसाने तोच आकडा तसाच पुन्हा भरला, तर ती ओळ नव्याने लिहावी.