फुंक कुणाची?

‘अस्सल’ आणि ‘नकली’ हे दोन शब्द आम्हा कॉलेजच्या पोरांच्या तोंडी फार. अमका कवी अस्सल, तमका नकली. गाण्याच्या गप्पा निघाल्या की या शब्दांना ऊतच येतो. अशाच गप्पांत वसतिगृहातील एका मित्राने ‘द मंकीज’ या अमेरिकन बँडचा एका वाक्यात निकाल लावला, “टीव्हीने बनवलेली नकली पोरे ती!” निकाल लागला खरा, पण त्या पोरांची गोष्ट काही माझ्या डोक्यातून जाईना.

गोष्ट मोठी गमतीची आहे. बीटल्सचे वेड ऐन भरात असताना बॉब राफेल्सन आणि बर्ट श्नायडर या दोन निर्मात्यांना अशाच एका बँडवर विनोदी मालिका काढायची होती. बँड कुठून आणायचा? १९६५ साली त्यांनी चार ‘वेडी’ पोरे पाहिजेत म्हणून चक्क जाहिरात दिली! ४३७ उमेदवार आले. (आमच्याकडे शिपायाच्या जागेसाठी येतात तसे.) अखेर डेव्ही जोन्स, मिकी डोलेन्झ, मायकेल नेस्मिथ आणि पीटर टॉर्क असे चौघे ठरले. नेस्मिथ आणि टॉर्क वादक होते, बाकीचे दोघे मुळात नट. डोलेन्झ तर बालनट. त्याला ड्रमवर बसवले, तेव्हा त्याला ड्रम वाजवताच येत नव्हता. सप्टेंबर १९६६ मध्ये एनबीसीवर मालिका सुरू झाली आणि रेकॉर्डी धडाधड खपल्या. गाणी मात्र नील डायमंडसारख्या दुसऱ्यांनी लिहिलेली, वाजवणारे बहुतेक स्टुडिओतले रोजंदारीचे वादक. हे उघड झाले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली.

इथे मला आमचे अण्णा आठवतात. माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण दुसरी. लाल कोट मालकाचा, गाणे कुठल्यातरी सिनेमातले, वरात तिसऱ्याचीच. लोक नाचतात, पण वाजवणाराचे नाव कुणी विचारत नाही. मी एकदा विचारले होते, “अण्णा, सारखं दुसऱ्याचंच वाजवायचा कंटाळा येत नाही?” ते म्हणाले, “गानं दुसऱ्याचं आसंल, पन फुंक तर माजीच हाय न्हवं?”

मंकीजना नेमकी ही फुंकच हवी होती. जानेवारी १९६७ मध्ये त्यांची दुसरी रेकॉर्ड त्यांना नीट पत्ता नसतानाच बाजारात आली. मग मात्र ठिणगी पडली. नेस्मिथने तर हॉटेलच्या भिंतीत ठोसा मारला म्हणतात! संगीताची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या डॉन कर्शनर यांना जावे लागले, आणि मे महिन्यात ‘हेडक्वार्टर्स’ आली. तीत वाद्ये बव्हंशी त्या चौघांनीच वाजवली होती. ती एक आठवडा पहिल्या क्रमांकावर राहिली. पुढच्याच आठवड्यात तिथे बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ येऊन बसली. खरे सांगायचे तर मला स्वतःला आधीची, भाड्याच्या वादकांची गाणी अधिक गोड वाटतात. पण ‘हेडक्वार्टर्स’ मी जास्त वेळा ऐकतो.

त्याला कारण आहे. मीही इथे दोन वर्षे एक भूमिकाच करतो आहे. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिला. हा लेख ज्या भाषेत लिहितो आहे ती आमच्या घरात कुणी बोलत नाही. पहिल्या वर्षी वर्गात उभा राहून ‘आणि’, ‘पाणी’ म्हणताना मला वाटे, मालकाचा कोट घालून उभा आहे. वक्तृत्व स्पर्धेनंतर कुणीसे म्हणालेच, “पाठ केलेलं बोलतो.” होते पाठ केलेले. डोलेन्झने तरी दुसरे काय केले? नेमणूक आधी झाली, शिकला मागाहून आणि डिसेंबर १९६६ मध्ये हजारो श्रोत्यांपुढे वाजवायला उभाही राहिला.

कर्शनरसाहेबांची पुढची चाल मोठी नामी होती. ‘द आर्चीज’ हा त्यांचा पुढचा बँड निव्वळ कार्टूनचा! १९६९ मध्ये त्याचे ‘शुगर, शुगर’ अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. कागदावरची पोरे ‘आम्ही वाजवतो’ म्हणून भांडत नाहीत. गाणारा रॉन डँटे पडद्याआड. त्याला कोण ओळखतो?

मालिका १९६८ मध्ये बंद पडली. त्या चौघांपैकी तिघे आता नाहीत. जोन्स २०१२ मध्ये, टॉर्क २०१९ मध्ये आणि नेस्मिथ २०२१ मध्ये गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मोबाईलवर अण्णांना ‘हेडक्वार्टर्स’मधली दोन गाणी ऐकवली. हा बँड कसा जमवला हे काहीच सांगितले नव्हते. डोळे मिटून त्यांनी मांडीवर ठेका धरला. मग म्हणाले, “ढोलवाला नवा दिसतोय.”

मी विचारले, “वाईट वाजवतोय का?”

“वाईट कशानं? नवा हाय, म्हनलं. लाव पुढचं.”