मागची ट्रॉली

माझे वडील साखर कारखान्याला ऊस वाहतात. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. आमचा ट्रॅक्टर निळा आहे व त्याला दोन ट्रॉल्या जोडतात. हंगाम सुरू झाला की आण्णा रात्री केव्हा येतात ते मला कळतच नाही. भाडं टनावर मिळतं. जास्त टन म्हणजे जास्त पैसे. ट्रॅक्टरचा हप्ताही त्यातूनच जातो.

ट्रॉली भरताना मोळ्यांचे थर देतात. ट्रॉली भरली तरी वर आणखी थर चढवतात. बाजूंनी ऊस बाहेर येतो. मग दोर आवळतात. लांबून वाटतं, जणू डोंगरच चालला आहे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

शाळेजवळचा ओढ्याचा चढ तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. तिथे ट्रॅक्टर हळू होतो. मग मुलं पळत जाऊन मागच्या ट्रॉलीतून ऊस ओढतात. मीसुद्धा दुसऱ्यांच्या ट्रॉलीतला ओढला आहे. गुरुजी, रागावू नका.

डिसेंबर महिन्यात एके दिवशी शाळा सुटल्यावर मी आण्णांच्या शेजारी मडगार्डवर बसलो होतो. चढावर आलो आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं वर उचलली. एक वीत तरी उचलली असतील. आण्णा स्टेअरिंग फिरवीत होते पण ट्रॅक्टर वळेना. "घट्ट धर रं!" ते ओरडले. तेवढ्यात मागे खाडकन् आवाज झाला व चाकं दणकन् खाली आली. दोन ट्रॉल्यांमधली पिन तुटली होती. मागची ट्रॉली एकटीच उलटी खाली चालली.

तिच्या मागे आपल्या वर्गातली दोन मुलं ऊस ओढत होती. मला हाक मारायची होती पण आवाजच निघेना. एक जण चारीत पडला. दुसऱ्याने बाभळीकडे उडी मारली. ट्रॉली दोघांच्या मधून गेली आणि पुलाच्या कठड्याला धडकून कलंडली. सगळा रस्ता उसाने भरला. दोघांना खरचटलं, बाकी काही झालं नाही. पण एकाचं दप्तर चाकाखाली गेलं. आतला जेवणाचा डबा पापडासारखा चपटा झाला.

आण्णा तो डबा हातात घेऊन रस्त्यातच बसले. रात्री आई म्हणाली, "आवं, आपलं पोरगं मडगार्डवर, लोकांची पोरं मागं. वरच्या चार टनाचं भाडं हुतंय तरी किती?" आण्णा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्गात समजावून सांगितलं. आमच्यासारख्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरवरच. चढाला भार मागे खेचतो, म्हणून तोंड उचलतं आणि पुढची चाकं टेकली नाहीत तर वळता येत नाही. उताराला तोच भार मागून ढकलतो व ट्रॅक्टर आडवा होऊ शकतो. आणि ट्रॅक्टरवर सीट एकच असते, ती चालवणाऱ्याची. मडगार्ड ही बसायची जागा नाही.

मोटार वाहन कायदा २०१९ साली बदलला. नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वजन नेलं तर २०,००० रुपये दंड आहे. शिवाय जास्तीच्या दर टनाला २,००० रुपये. जादा माल उतरवायचा खर्च वेगळा, तोही आपणच द्यायचा. मग गुरुजींनी फळ्यावर गणित घातलं. चार टन जास्त असेल तर दंड किती? उत्तर २८,००० आलं. गुरुजींनी कोणाचं नाव घेतलं नाही, पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी वहीत बघत होतो.

किती वजन न्यायचं ते गाडीच्या कागदांत लिहिलेलं असतं. मी घरी पेटीतून ते कागद काढून आण्णांना दाखविले. ते म्हणाले, "ठाव हाय रं मला. समदीच भरत्यात." थोड्या वेळाने त्यांनी २८,००० चं गणित पुन्हा करून दाखवायला सांगितलं.

आता आण्णा वरचे थर भरू देत नाहीत. त्यावरून मुकादम रोज कुरकुरतो, एक खेप वाढते, आणि आण्णा आणखी उशिरा घरी येतात. पिन नवीन घातली आहे व पिनेच्या जोडीला साखळी लावली आहे. मी शाळेतून चालत घरी जातो.

त्या मुलाला आण्णांनी नवीन डबा आणून दिला. तो कडीचा आहे व जुन्यापेक्षा मोठा आहे. चपटा डबा मात्र त्यांनी टाकला नाही. तो ट्रॅक्टरच्या पेटीत पान्ह्यांच्या खाली ठेवला आहे.